मला उपास घालू नका

मी ससा बोलतोय, आणि आधीच सांगतो, मी अजून हादरलेलाच आहे. बोलता बोलता माझा मागचा पाय फरशीवर आपटला तर दचकू नका. धोका दिसला की आमच्यात पाय आपटतात. रानातल्या सशाला तो धोका कोल्ह्यात दिसतो, घारीत दिसतो. मला तो दिसला मेतकूट-भाताच्या वाटीत, आणि ती वाटी उचलून नेणाऱ्या हातात. हात फार मायेचा होता, हेच तर मला अजून पचत नाही.

माझं नाव खोबऱ्या. रंग पांढरा, वय दीड वर्ष. रत्नागिरीत मांडवीला, समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर शेवड्यांचं घर आहे, त्याच्या मागच्या पडवीत माझा मुक्काम असतो. घरात चार माणसं. आर्या सहावीत आहे. तिची आई हेमा शाळेत शिकवते, बाबा मुकुल सरकारी कचेरीत कामाला आहेत, आणि बाबांचे वडील श्यामआजोबा मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेत. मीही आर्यासारखंच त्यांना आई, बाबा, आजोबा म्हणतो. अर्थात मनातल्या मनात, कारण आम्हा सशांना आवाज जवळजवळ नाहीच.

माझा जन्म एका जाळीच्या पिंजऱ्यात झाला. आईचं पोट गरम होतं, एवढंच आठवतं. नीट गवत चावायला शिकायच्या आतच वरून एक हात आला, त्यानं माझे दोन्ही कान धरले आणि मला उचललं. कान! अहो, कान ऐकायला असतात. पिशवीचे बंद आहेत का ते? जगाची माझी पहिली ओळख अशी अधांतरी लोंबकळत झाली.

एका टोपलीत आम्ही वीसेक पिल्लं होतो. एसटी स्टँडजवळ रस्त्याच्या कडेला ती टोपली ठेवलेली, आणि विकणारा ओरडत होता, "ससा घ्या, ससा! काय त्रास नाय, कायपण खातो!" मी टोपलीतल्या टोपलीत उडालो. मी काय खातो हे ठरवून मोकळा झाला की हा!

त्या दिवशी आर्याचा वाढदिवस होता. तिनं वाकून मला छातीशी घेतलं. बाबा निघायच्या घाईत होते, पण आजोबा म्हणाले, "एकटं नको रे मुकुल. मुकं जनावर ते, त्याला त्याच्यातलं कोणीतरी हवं ना. जोडी घे." म्हणून माझ्याबरोबर माझी बहीणही आली. ती तपकिरी होती. घरी पोचेपर्यंत रिक्षातच आर्यानं नावं ठेवली, खोबऱ्या आणि गुळी. आजोबांचं ते बोलणं तेवढं लक्षात ठेवा. आमच्या सोबतीचा विचार साऱ्या घरात फक्त त्यांना सुचला होता.

पहिल्याच संध्याकाळी आमच्यापुढे वाटी आली. मऊ भात, वर मेतकूट आणि तुपाची धार. मी वाटीकडे पाहिलं, मग गुळीकडे पाहिलं. आम्ही दोघंही चाट पडलो. आजोबांना कवळी आहे, त्यामुळे मऊ भात म्हणजे त्यांच्या लेखी मायेचा कळस. "कोवळे दात आहेत पोरांचे, मऊच घालत जा," असं ते रोज बजावायचे. कोवळे दात! अहो आजोबा, माझे दात जन्मभर वाढतात, पुढचेही आणि दाढासुद्धा. ते झिजवायला दिवसभर गवत चघळावं लागतं, सुकं, चिवट, खरखरीत गवत. भातानं काय झिजणार?

भात झाला की चहात बुडवलेलं बिस्कीट. रविवारी पाव. आर्याच्या पुस्तकातल्या सशाच्या हातात गाजर होतं, म्हणून रोज एक अख्खं गाजर. आणि पडवीच्या मागे, चिऱ्यांच्या गडग्याच्या कुंपणापलीकडे, गुडघाभर गवत वाऱ्यावर डोलत होतं. शेजारच्या वाडीतला गडी येऊन ते कापायचा, सुकवायचा आणि पेटवून द्यायचा. मी जाळीला नाक लावून त्या जळणाऱ्या जेवणाचा वास घ्यायचो आणि माझा माझ्याच नाकावर विश्वास बसायचा नाही.

खोटं कशाला बोलू, भात आम्ही खाल्ला. बिस्कीटही खाल्लं, मागून मागून खाल्लं. गोड लागलं की ससाही शहाणपणा विसरतो. त्यात माझाही दोष आहेच.

आम्ही तीन महिन्यांचे होतो तेव्हा गुळीचं पोट बिघडलं. मला ते पहाटेच कळलं होतं. ती कोपऱ्यात अंग चोरून बसली होती आणि दात करकरत होती. सशाच्या पोटात कळ आली की तो असे दात करकरतो. पण कुणी जवळ आलं की ती सावरून बसायची, कान उभे करायची. दुखणं लपवायची आमच्या जातीला खोडच आहे. रानात ज्याचं दुखणं दिसलं त्याला कोल्हा आधी उचलतो. या घरात कोल्हा नव्हता, पण अंगातली खोड जाते कुठे? दुपारी तिनं वाटीला तोंड लावलं नाही, तेव्हा कुठे माणसांना कळलं.

आजोबांनी तिच्या पोटावर हात ठेवला. "अजीर्ण आहे. लंघन," ते म्हणाले, आणि गुळीची वाटी उचलली.

इथे मला या घराच्या उपासांबद्दल थोडं सांगायला हवं. उपास घरात पुष्कळ. संकष्टी आहे, एकादशी आहे, आईचे मार्गशीर्षातले गुरुवार आहेत. त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, शिवाय केळी आणि खजूर. उपास म्हणजे रोजच्यापेक्षा जास्त खायचा दिवस, अशीच माझी समजूत झाली होती. पण आजोबांचं लंघन निराळं. ताप आला, पोट बिघडलं, नुसतं डोकं जड झालं, तरी ते दोन दिवस सुंठीच्या गरम पाण्यावर काढायचे. बहात्तर वर्षं त्यांनी हेच केलं आणि बहात्तर वर्षं ते ठणठणीत राहिले. शाळेतल्या मुलांना सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं, मुकुलबाबांना तर लहानपणापासून तेच औषध. मग गुळीला दुसरं काय देणार?

"दोन दिवस पोटाला विश्रांती. तिसऱ्या दिवशी उड्या मारेल बघा," असं सांगून ते तिच्याजवळ बसले. थेंब थेंब ओव्याचं पाणी पाजत राहिले.

तिसरा दिवस आलाच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी गुळी आडवी झाली, तिनं पाय ताणले आणि संपली. मी तिच्या कानाला नाक लावून बसलो होतो. तो कान हळूहळू गार पडत गेला.

परसात जास्वंदीखाली तिला पुरलं. आर्या हुंदके देत होती. आजोबांनी पंचानं डोळे पुसले आणि म्हणाले, "चुकलं माझंच. लंघन उशिरा सुरू केलं."

उशिरा! मी पडवीतून ऐकत होतो. माझा मागचा पाय आपोआप आपटला, एकदा, दोनदा, पाच वेळा. "बहिणीची आठवण येतेय हो बिचाऱ्याला," आई म्हणाली. आठवण येतच होती. पण मी धोक्याचा इशारा देत होतो आणि तो कुणाच्याही कानात शिरत नव्हता.

पुढे मी एकटाच वाढलो. एके सकाळी आई चहाचा कप घेऊन पडवीत आली आणि एवढ्या मोठ्यानं किंचाळली की मला वाटलं साप निघाला.

"अहो, लवकर या! हा शी खातोय! स्वतःची!"

बाबा तोंडात ब्रश तसाच ठेवून धावत आले. आजोबा पूजेतून उठून आले. सोवळ्यात होते म्हणून उंबऱ्याशीच थांबले. तिघंही माझ्याकडे असे बघत होते, जणू मी कुणाचा खून केला. मला कळेना माझं चुकलं काय. आमच्या लेंड्या दोन तऱ्हेच्या असतात. कोरड्या गोल असतात त्या टाकायच्या. दुसऱ्या मऊ, घोसासारख्या, त्या अंगाबाहेर येताक्षणीच तोंडानं घेऊन पुन्हा गिळायच्या. गवतातलं जे सत्त्व पहिल्या फेरीत अंगी लागत नाही ते दुसऱ्या फेरीत लागतं. गाय आतल्या आत रवंथ करते, तिला तुम्ही नमस्कार करता. माझं रवंथ थोडं बाहेरून होतं, एवढाच काय तो फरक.

"वाईट खोड आहे. वेळीच मोडायला हवी," आजोबा म्हणाले. बाबांनी फाइलचं प्लास्टिक गोल कापलं आणि माझ्या गळ्यात अडकवलं. आठ दिवस मी ते ताट गळ्यात घेऊन वावरलो. तोंड मागे वळेना, पाण्याच्या वाटीत जाईना. शेवटी काशीमावशीला दया आली. ती रोज सकाळी भाट्याहून येते, घरची झाडलोट आणि भांडी करते, घरी तिच्या चार शेळ्या आहेत. "आर्या, काढ गो ते गळ्यातला," ती म्हणाली. "पाणी पन पिता येत नाय त्याला." आर्यानं ते काढलं आणि गुपचूप कचऱ्यात टाकलं. मी तिचा अंगठा चाटला.

यानंतर जे घडलं त्यासाठी मी पाय आपटून ठेवतो.

गेल्या दिवाळीत मी वर्षाचा झालो होतो. वर्षभराच्या मऊ भातानं माझ्या दाढा न झिजता वाढल्या होत्या, आणि डावीकडच्या एका दाढेला टोक आलं होतं. घास चावला की ते जिभेत रुतायचं. तोंडातून लाळ गळून हनुवटीखालची लव सदा ओली राहायची. आई म्हणायची, पाणी सांडवतो वेडा. भूक मात्र सडकून लागायची. मी वाटीपाशी जायचो, घास उचलायचो, कळ आली की टाकायचो आणि तोंड फिरवून बसायचो. लपवायची ती जुनी खोड माझ्यातही होतीच.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी सकाळची वाटी तशीच ठेवली. फराळाच्या दिवसांत आर्यानं मला शंकरपाळ्यांचा चुरा भरवला होता, त्यामुळे आजोबांना शंकाच उरली नाही.

"अजीर्ण. गुळीसारखंच," ते म्हणाले. "पण या वेळी मी उशीर करणार नाही." आणि त्यांनी वाटी उचलली.

ज्या हातांनी माझ्या बहिणीची वाटी नेली, तेच हात, तीच वाटी. पण खरा धक्का तर पुढेच होता. आजोबांनी पडवीत माझ्याशेजारी खुर्ची मांडली, सुंठीच्या पाण्याचं भांडं घेतलं आणि आईला सांगितलं, "हेमा, माझं पान वाढू नकोस. या मुक्या जीवाला उपाशी ठेवून मी जेवू कसा? त्याच्याबरोबर मीही लंघन धरतो."

मी त्या माणसाकडे बघतच राहिलो. तो मला मारत होता आणि माझ्यासाठी स्वतः उपाशी बसला होता. हे दोन्ही एकाच खुर्चीत बसून, एकाच वेळी. याला काय म्हणावं ते मला आजही सांगता येत नाही.

दुपारी आजोबांचा डोळा लागला तेव्हा आर्या पावलं न वाजवता आली. फ्रॉकच्या खिशातून तिनं कोथिंबिरीची काडी काढली आणि माझ्या तोंडाशी धरली. मी ती ओढली, चावली आणि कळ डोक्यात गेली. काडी खाली पडली. नेमके तेव्हाच आजोबा जागे झाले. ते रागावले नाहीत. "बघ गो," ते समजावत म्हणाले, "समोर धरलं तरी घेत नाही. त्याचं शरीरच त्याला सांगतंय, नको म्हणून."

अहो, माझं शरीर ओरडत होतं! पण ओरडायला आवाज लागतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझं पोट दगडासारखं झालं होतं. काशीमावशी पडवी झाडायला आली. तिनं माझा कोपरा झाडला, सुपली उचलून पाहिली, पुन्हा वाकून पिंजऱ्याखाली झाडू फिरवला. मग सुपली तशीच हातात घेऊन ती स्वयंपाकघराच्या दाराशी गेली.

"वहिनी, ह्याची एक लेंडी नाय आज."

"तो उपाशी आहे काशी, कुठून येणार?" आई पोळ्या लाटत म्हणाली.

"रोज सुपली भरून काढतंय मी. काल सकाळच्याला चार व्हत्या, बारीक, मिऱ्याएवढ्या. आज एक नाय. आमची शेळी अशी झाली की आमी डाक्टराला बोलवतंव. उपास काय घालताव ओ जनावराला? जनावर काय एकादशी करतंय?"

आईचं लाटणं थांबलं. तिनं पडवीत येऊन पहिल्यांदाच मला नीट पाहिलं, हनुवटीची ओली लव बोटांनी चाचपली. मग हात पुसून म्हणाली, "आर्या, टोपली आण. रिक्षा बोलाव."

"हेमा, आजचा एक दिवस जाऊ दे," आजोबा म्हणाले. "लंघन मध्येच मोडलं की अपाय होतो."

"बाबा, गुळीच्या वेळी आपण दोन्ही दिवस जाऊ दिले होते," आई म्हणाली. सासऱ्यांना उलट बोललेलं मी तिला त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. रिक्षा आली तेव्हा टोपली मांडीवर घेऊन आजोबाच बसले.

मारुती मंदिराच्या पुढे एका गल्लीत डॉक्टर श्रद्धांचा दवाखाना होता. तरुण बाई, केस वर बांधलेले, आवाज शांत. त्यांनी मला पोटाखाली हात घालून उचललं, टेबलावर ठेवलं आणि पोटाला नळी लावून बराच वेळ ऐकलं.

"कधीपासून खाल्लं नाही यानं?"

आजोबा खुर्चीत सरसावून बसले. "काल सकाळपासून. मी लगेच बंद केलं डॉक्टर, एका वेळचीही सूट दिली नाही. मागच्या खेपेला उशीर झाला होता."

डॉक्टरांचा हात माझ्या पोटावर होता तो तिथेच थांबला. "बंद केलं म्हणजे?"

"लंघन. पोटाला विश्रांती."

डॉक्टरांनी कानातली नळी काढली. "आजोबा, सशाला उलटीसुद्धा होत नाही. याच्या आतड्यातून सतत काहीतरी पुढे सरकत राहावं लागतं. अर्धा दिवस पोटात काही गेलं नाही की आतडं मंदावतं. मंदावलं की आत वायू धरतो, दुखतं. दुखलं की हा आणखी खात नाही. तुमच्या पोटाला विश्रांती चालते. याच्या पोटानं विश्रांती घेतली की हा जातो."

मग डॉक्टरांनी दिवा लावलेली बारीक नळी माझ्या गालात घातली. "हे बघा. दाढेला टोक आलंय, जिभेवर जखम आहे. याला अजीर्ण नाही. याला खाता येत नव्हतं."

"म्हणजे त्याला भूक लागली होती?" आर्यानं विचारलं.

"हो बाळ. खूप."

आर्यानं ओढणीसारखा आईचा पदर तोंडावर घेतला. डॉक्टरांनी विचारलं, "मागच्या खेपेला म्हणजे कधी?"

"गुळी," आर्या पदराआडून म्हणाली. "त्याची बहीण. तिला पण आजोबांनी..." आणि पुढचं तिला बोलवेना.

आजोबांनी चष्मा काढला. "म्हणजे ती माझ्यामुळे?"

"ती आजारी होतीच," डॉक्टर सावकाश म्हणाल्या. "तिला मी पाहिलं नव्हतं, त्यामुळे ती वाचलीच असती असं नाही म्हणणार. पण उपासानं तिची उरलीसुरली आशाही गेली. खोटं कशाला सांगू तुम्हाला?"

मी आजवर खूप धक्के खाल्ले, पण त्या वेळी आजोबांचा चेहरा जसा झाला तसा चेहरा मी दुसऱ्या कुणाचा पाहिलेला नाही. ते रडले नाहीत. चष्मा हातात घेऊन काचा पुसत राहिले, पुसलेल्याच पुन्हा पुसत राहिले.

माझ्या कातडीखाली कोमट पाणी भरलं गेलं, कळ थांबायचं औषध टोचलं. मग सुई नसलेल्या सिरिंजनं तोंडाच्या कडेनं हिरवट पातळ खाणं घातलं. दर तीन तासांनी ते द्यायचं, पोट हलक्या हातानं चोळायचं, लेंडी होते का बघायचं. पोट चालू झालं की परवा भूल देऊन दाढ घासू, आणि नाही झालं तर... डॉक्टरांनी वाक्य पुरं केलं नाही. सगळ्यांनाच ते कळलं.

घरी आल्यावर सिरिंज आजोबांनी मागून घेतली. "मी देतो," एवढंच म्हणाले. मांडीवर पंचा पसरून त्यांनी मला घेतलं. एक थेंबही बाहेर सांडला नाही. संध्याकाळी आईनं पानं घेतली. आजोबा जागचे हलले नाहीत.

"बाबा, चला जेवायला. आता कसलं लंघन?"

"लंघन नव्हे. प्रायश्चित्त," आजोबा म्हणाले. "याचं पोट चालू होईपर्यंत मी पाण्याशिवाय काही घेणार नाही. माझ्या हातून पाप घडलंय."

आर्या पानावरून उठली. तिचा हात उष्टा होता. ती आजोबांसमोर उभी राहिली आणि एवढीशी पोर मोठ्यानं ओरडली, "परत उपासच? आजोबा, उपासानंच तर झालं ना सगळं!"

आजोबांशी त्या आवाजात कुणी बोलत नसे. बाबांनी "आर्या!" म्हणून दटावलंही. पण आजोबा तिच्याकडे बघत राहिले. चूक दुरुस्त करायलाही त्या माणसाला तीच चूक सुचली होती. त्यांना दुसरं काही येतच नव्हतं. मग ते रडायला लागले. आर्यानं माझी सिरिंज धुऊन ठेवली, ताटात भात कालवला आणि स्वतःच्या हातानं त्यांना भरवला. प्रत्येक घासागणिक त्यांच्या पोटात होणारी हालचाल मला माझ्या पाठीला जाणवत होती.

सकाळी काशीमावशी आली. झाडू फिरवता फिरवता थबकली. "वहिनी! झाली! लेंडी झाली ओ!"

आई धावली, बाबा धावले. आजोबा पूजेतून सोवळ्यातच आले आणि या वेळी उंबऱ्याशी थांबले नाहीत. खाली बसले, ती वाटाण्याएवढी लेंडी तळहातावर घेतली आणि चष्म्याजवळ धरून पाहिली. "आणखी दोन हायत तिकडं," काशीमावशी म्हणाली. सगळे असे हसत होते की शेजाऱ्यांना वाटावं आर्या पहिली आली. आणि मला घाणेरडा ठरवणारी हीच का ती माणसं, म्हणून मी तोंड वासून पाहत होतो.

माझी दाढ घासली गेली. आता दर दोन महिन्यांनी दाखवून यावं लागतं, ते जन्मभर. बाबा सुट्टीच्या दिवशी वरच्या सड्यावर, कातळाच्या माळावर जाऊन गवत आणतात, गच्चीत सुकवतात. आंब्याच्या बागेतलं आणत नाहीत, तिथे फवारणी असते. भात बंद, बिस्कीट बंद. सकाळी माझं ते बाहेरचं रवंथ चालू असलं की आई तोंड फिरवते, पण बोलत नाही. डॉक्टर म्हणतात, आणखी एक सोबतीण आणा. आर्यानं हट्ट धरलाय. आजोबांचं अजून मन होत नाही.

गेल्या आठवड्यात शेजारच्या इमारतीतला नितेश आला, हातात भोकं पाडलेलं खोकं घेऊन. "आजोबा, आमच्या पोरीनं, दिशानं हट्ट केला म्हणून ससे घेतले दोन. म्हटलं तुमच्याकडे आहे, जरा विचारून घेऊ."

"बस," आजोबा म्हणाले. "आधी एक सांगतो. मी एक ससा मारलाय."

नितेश हसला. मग हसायचा थांबला.

"उपाशी ठेवून. तिचं नाव गुळी. तीन महिन्यांची होती. मला वाटत होतं मी तिला बरं करतोय."

हे ते पहिल्यांदाच सांगत नव्हते. घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात, एक शब्द गाळत नाहीत. ज्या माणसापुढे अर्धी मांडवी हात बांधून उभी राहिली, तो माणूस. आई म्हणते, "बाबा, पुरे आता, लोकांना कशाला सांगता?" त्यावर ते म्हणतात, "मला कुणी सांगितलं असतं तर?"

आणि दर वेळी मी नव्यानं हादरतो. वाटतं, उडी मारून त्यांच्या मांडीवर जावं, त्यांना थांबवावं. तुम्ही वाईट नव्हता हो, असं कसंही करून कळवावं. पण त्या दिवशी मी जागचा हललो नाही. खोक्याच्या भोकांशी दोन नाकं दिसत होती, लुकलुक हलणारी.

वाचकहो, मला हात जोडता येत नाहीत, तेवढं समजून घ्या. आमच्यातला कुणी खायचा थांबला तर त्याची वाटी उचलू नका, त्यालाच उचला आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. तो काही सांगणार नाही. सांगायचं ते आजोबा सांगतायत, अजून त्यांचं संपलेलं नाही. मी ऐकतोय, आणि खोक्यातली ती दोघंही ऐकतायत.